लॉग्ड इन दिसतंय, मग डिस्क का लटकली? वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यात माझी पत्रपेटी एकाच विषयाने भरते: लाईट गेली, स्विच मेला, वायर निघाली आणि डिस्क लटकली. यावेळीही तेच आहे, सगळी पत्रं नाशिक आणि आसपासचीच, आणि प्रश्न वेगवेगळे वाटले तरी सगळे फिरून एकाच ठिकाणी येतात की ड्रायव्हरला, म्हणजे कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) डिस्कशी बोलणाऱ्या कोडला, कनेक्शनबद्दल नक्की काय माहीत असतं. सातपूरच्या पत्राला जास्त जागा दिली आहे, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न: ताई नमस्कार, सातपूरला आमचं सीएनसी जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. ड्रॉइंग आणि प्रोग्रॅमच्या फाइली लिनक्स सर्व्हरवर असतात आणि त्याची डिस्क म्हणजे पलीकडच्या खोलीतली स्टोरेजची पेटी, आयस्कझीने, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क जोडायच्या पद्धतीने, जोडलेली. मागच्या आठवड्यात लाईट गेली, सर्व्हर आणि पेटी दोन्ही इन्व्हर्टरवर होते पण मधला स्विच नव्हता, तो बंद पडला. मी लगेच सेशन, म्हणजे सर्व्हर आणि पेटीमधलं कनेक्शन, बघितलं तर लॉग्ड इन! आणि साधं एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर ते अडकून बसलं, किल मायनस नाईन या सक्तीने मारायच्या कमांडलाही मरेना, लोड ॲव्हरेज (रांगेतल्या कामांची सरासरी) ४० च्या वर आणि सीपीयू रिकामा. तीन-साडेतीन मिनिटांनी फाईलसिस्टिम रीड ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येईल अशी, झाली. स्विच चालू केल्यावर सगळं परत लॉग्ड इन, डिस्क रनिंग, तरी रीड ओन्ली ते रीड ओन्लीच. लॉगमध्ये ‘डिटेक्टेड कॉन एरर १०२१’ अशी ओळ आहे. खोटं कोण बोलतंय, कर्नल का कमांड?

उत्तर: खोटं कुणीच बोलत नाहीये दादा. कर्नलने तुम्हाला त्याला जे शेवटचं माहीत होतं ते सांगितलं. आपण इथंच फसतो, लॉग्ड इन वाचलं की वाटतं आत्ता या क्षणी वायर ठीक आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की लॉगिन झालं होतं आणि त्यानंतर कुणी येऊन तक्रार केलेली नाही.

हे नाशिककरांना समजवायला सोपं आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं तरी रामकुंडावर ते लगेच दिसत नाही, यायला वेळ लागतो, आणि आपण पूर किती आला हे कशावरून सांगतो तर दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं का कमरेला का छातीला. समजा मारुतीकडे बघायला काठावर कुणी गेलंच नाही, तर तुमच्या वहीत पाणी पायाशीच राहणार. तुमच्या सर्व्हरवर नेमकं हे झालंय, बघायला जाणारा माणूस कुणीतरी बंद करून ठेवला होता.

तुम्ही म्हणाल स्विच बंद झाला म्हणजे नेटवर्क कार्डाची लिंक गेली, एवढं तर कळायला हवं. कार्डाला कळतं. पण त्याच्या वर बसलेल्या टीसीपीला, म्हणजे डेटा समोर पोचवायची जबाबदारी घेणाऱ्या थराला, त्याचं काही पडलेलं नसतं, वायर काढून परत लावली तरी कनेक्शन तगावं अशीच त्याची रचना आहे. पाठवायला काही असेल तर तो परत परत पाठवत बसतो, लिनक्सच्या डिफॉल्ट सेटिंगला ते पंधरा मिनिटांच्या वर चालू शकतं, आणि पाठवायला काहीच नसेल तर टीसीपीच्या स्वतःच्या कीपअलाइव्हचा पहिला ठोका पडतो ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी! तोवर तुमच्या ऑपरेटरचा जेवणाचा डबा खाऊन झालेला असतो. म्हणून टीसीपीच्या भरवशावर न राहता आयस्कझी स्वतःचा ठोका देतं, त्याला नूप म्हणतात, डिफॉल्टला दर ५ सेकंदांनी एक पाठवायचा आणि उत्तराची ५ सेकंद वाट बघायची, म्हणजे दहाएक सेकंदांत मेलेलं कनेक्शन पकडलं जातं.

आता तुमची ती लॉगची ओळ, मला तीच सगळ्यात आवडली. नूपने पकडलं असतं तर नंबर १०२२ आला असता. समोरच्याने नीट सांगून कनेक्शन बंद केलं असतं तर १०२०. तुमच्याकडे १०२१ आहे, त्याचा अर्थ ठोक्याने पकडलंच नाही, तर स्कझीच्या (डिस्कला कमांड देणाऱ्या थराच्या) एरर हँडलिंगने शेवटी कंटाळून सेशन पाडलं. माझी पैज आहे की तुमच्या कॉन्फिग फाईलमध्ये नूपचा इंटरव्हल शून्य आहे. बहुतेक कुणीतरी कुठूनतरी उचलून टाकलेला असणार, कारण ज्यांची बूट डिस्कच आयस्कझीवर असते त्यांना ठोके बंद करा आणि वाट बघायची मुदत ८६४०० सेकंद करा असा सल्ला ओपन आयस्कझीच्या माहितीतच दिलेला आहे, त्यांच्यासाठी तो बरोबर आहे, रूट डिस्कला, म्हणजे जिच्यावर सिस्टिमच आहे तिला, एरर येण्यापेक्षा दिवसभर लटकलेली परवडते. तुमच्यासाठी नाही.

मग हिशोब बघा. डिस्कला दिलेल्या कमांडची मुदत ३० सेकंद, ती संपली की ड्रायव्हर म्हणतो बरं ती कमांड रद्द करा, त्या रद्द करण्याच्या उत्तराची वाट १५ सेकंद, तेही आलं नाही की लन (पेटीतली ती एक डिस्क) रीसेट, त्याची वाट ३० सेकंद, ते पण नाही, मग कुठे जाहीर होतं की कनेक्शन गेलं. आणि इथून पुढे रिप्लेसमेंट टाइमआऊट नावाचं वेगळं घड्याळ चालू होतं, डिफॉल्ट १२० सेकंद. या काळात डिस्कची स्टेट ब्लॉक्ड असते, म्हणजे ड्रायव्हर वरून येणाऱ्या सगळ्या मागण्या दाबून धरतो, होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, कारण त्याला आशा असते की परत जोडलं जाईल. बेरीज करा, सव्वातीन मिनिटं. तुमचे तीन-साडेतीन जुळले की नाही?

एलएस मरेना त्याचं कारणही हेच. ते डी स्टेटमध्ये गेलेलं होतं, कर्नलच्या आत डिस्कच्या उत्तराची वाट बघत झोपलेलं, आणि तिथून उठल्याशिवाय त्याला तुमचा किल ऐकूच येत नाही. लिनक्स लोड ॲव्हरेजमध्ये असे झोपलेलेही मोजतो म्हणून सीपीयू रिकामा असून ४०. घाबरून रीबूट मारू नका अशा वेळी, तोही तिथंच अडकतो, मग माणसं बटण दाबून धरतात आणि खरं नुकसान तेव्हा होतं.

१२० सेकंद संपल्यावर ड्रायव्हरने हात वर केले, स्टेट ट्रान्सपोर्ट ऑफलाइन, दाबून धरलेल्या सगळ्या मागण्यांना एरर. ईएक्सटी४ या फाईलसिस्टिमच्या जर्नलला (बदलांच्या नोंदवहीला) एरर मिळाल्यावर त्याने स्वतःला रीड ओन्ली करून घेतलं. आणि स्विच आल्यावर सेशन जुळलं, डिस्क रनिंग झाली, पण फाईलसिस्टिमने घेतलेला निर्णय ड्रायव्हर मागे घेऊ शकत नाही, ते दोन वेगळे मजले आहेत. तुम्हालाच अनमाउंट (फाईलसिस्टिम सोडवणं), एफएससीके (तपासणी-दुरुस्ती), परत माउंट (जोडणं) असं करावं लागणार.

करायचं काय तर नूप ५ आणि ५ वर परत आणा. एक गोम आहे, कॉन्फिग फाईल बदलून चालत नाही, ती फक्त नवीन शोधलेल्या टार्गेटना (पेटीच्या बाजूच्या टोकांना) लागते, आधीच्या टार्गेटची नोंद आयस्कझीएडीएम या कमांडने वेगळी अपडेट करून सेशन लॉगआऊट-लॉगिन करावं लागतं, इथं भलेभले अडकतात. १२० राहू द्या, तुमच्याकडे एकच वाट आहे. दोन वाटा आणि त्या दोन्ही सांभाळणारा मल्टिपाथ असता तर मी म्हणाले असते ५ ते १५ वर आणा, कारण तेव्हा लवकर हार मानणंच फायद्याचं, दुसरी वाट मोकळी असते. आणि तो स्विच इन्व्हर्टरवर घ्या हो! दहा-पंधरा वॅटचं यंत्र ते.

प्रश्न: ताई, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट म्हणजे लिनक्ससाठी छोटा नेटवर्क ब्लॉक ड्रायव्हर, लांबच्या मशीनवरची फाईल इथे डिस्क म्हणून दिसते. कनेक्टेड नावाचा एक बूलियन ठेवलाय, ट्रू असेल तर पाठव, फॉल्स असेल तर एरर दे. चालतं छान, पण रीकनेक्ट करताना कधी कधी कर्नल पॅनिक होतो (मशीनच बंद पडतं), आणि कधी नवीन जोडलेलं कनेक्शन अर्ध्या मिनिटात आपोआप मरतं. गाईड म्हणतात बूलियन पुरेसा आहे, लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) नीट लावा. तुमचं काय मत?

उत्तर: गाईड अर्धे बरोबर आहेत, पण हे त्यांना माझं नाव सांगून म्हणू नकोस.

तुझा ड्रायव्हर एका वेळी किती जण चालवतात ते मोज. वरून रिक्वेस्ट घेऊन येणारा एक, सॉकेटवरून (कनेक्शनच्या आपल्याकडच्या टोकावरून) उत्तर वाचणारा दुसरा, टाइमआऊटचा तिसरा, रीकनेक्ट करणारी वर्कक्यू (मागे चालणाऱ्या कामांची रांग) चौथी, आणि कुणीतरी मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरच, काढायला निघालेला पाचवा. पहिल्याने बूलियन बघितला, ट्रू होता, तो सॉकेटकडे निघाला, तेवढ्यात दुसऱ्याने एरर बघून सॉकेट सोडून दिला, मेमरी मोकळी, आता पहिला त्या मोकळ्या मेमरीत पाय टाकतो. हा तुझा पॅनिक. यावर लॉक लागतो, इथपर्यंत गाईड बरोबर.

पण कनेक्शन तुटणं ही एका क्षणाची गोष्ट नाहीये ना, लग्न मोडण्यासारखं आहे ते, भांडी वेगळी करायला वेळ लागतो. उडत्या (उत्तर यायच्या बाकी असलेल्या) रिक्वेस्ट गोळा करायच्या, क्यू थांबवायच्या, सॉकेट बंद करायचा, मग नवीन जोडायचा. या मधल्या काळाला तुझ्या बूलियनमध्ये नावच नाही. फॉल्स म्हणजे आवरतोय, का जोडतोय, का कायमचा गेला? तिन्ही वेळी वरून आलेल्या रिक्वेस्टला वेगळं उत्तर द्यायचंय, पहिल्या दोघांत थांब म्हणायचं, तिसऱ्यात एरर.

कर्नलमधला एनव्हीएमई या वेगवान डिस्कच्या ड्रायव्हरचा कोड उघडून बघ, तिथे कंट्रोलरला सात स्टेट आहेत: न्यू, लाइव्ह, रीसेटिंग, कनेक्टिंग, डिलीटिंग, डिलीटिंग नो आयओ, डेड. नावं पाठ करू नकोस, गंमत वेगळी आहे. स्टेट बदलायला सगळ्यांना एकाच फंक्शनच्या दारातून जावं लागतं, ते लॉक घेतं, आत्ताची स्टेट बघतं, तिथून मागितलेल्या स्टेटला जायची परवानगी आहे का ते बघतं आणि हो किंवा नाही सांगतं. लाइव्हवरून थेट कनेक्टिंगला जाता येत नाही! आधी रीसेटिंग म्हणजे आवराआवर, मगच कनेक्टिंग, मग लाइव्ह. आणि दोन जणांना एकदम रीसेट सुचला तर पहिल्याला हो मिळतं, दुसऱ्याला नाही, तो बिझी म्हणून गप परत जातो. दोघांनी एकच सॉकेट दोनदा सोडायचा प्रश्नच मिटला. तू पण हेच कर, चार स्टेट पुरतील तुला, पण दार एकच ठेव, कोडमध्ये इकडून तिकडून स्टेट लिहायची नाही.

आता तुझा दुसरा त्रास, नवीन कनेक्शन आपोआप मरतं, हा जास्त मजेचा. जुन्या सॉकेटवर पाठवलेली एक रिक्वेस्ट होती, तिचा टाइमर चालूच राहिला. मधे तू रीकनेक्ट केलंस. टाइमर वाजला, त्याने बघितलं कनेक्शन लाइव्ह आहे आणि माझं उत्तर आलेलं नाही, म्हणजे कनेक्शन खराब, मारून टाक. मारलं कुणाला तर नव्याला, ज्याचा काही दोष नाही. इथे कितीही लॉक लाव, उपयोग नाही, कारण टाइमरने बघितलेली स्टेट खरीच होती, फक्त ती त्याच्या कनेक्शनची नव्हती. याचं औषध तुझ्याच विषयातल्या ड्रायव्हरमध्ये आहे, लिनक्सचा एनबीडी (नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस), पावेल माचेकने १९९७ मध्ये सुरू केलेला. त्यात प्रत्येक सॉकेटच्या सोबत कुकी नावाचा एक आकडा आहे, सॉकेट बदलला की एकने वाढतो, आणि रिक्वेस्ट पाठवताना तो आकडा रिक्वेस्टवर पण लिहून ठेवतात. टाइमर वाजला की आधी दोन्ही आकडे जुळतात का बघायचं, जुळले तरच कनेक्शन मेलं म्हणायचं. एसटीचं कालचं तिकीट आजच्या कंडक्टरला दाखवून भांडता येत नाही, तसं.

एक शेवटचं, हे प्रोजेक्टच्या डेमोमध्ये दिसणार नाही पण खऱ्या मशीनवर हमखास दिसतं. रीकनेक्टच्या वाटेवर मेमरी मागताना साधा जीएफपी कर्नल हा फ्लॅग वापरू नकोस, नो आयओवाला (मेमरीसाठी डिस्ककडे न जाणारा) वापर. मेमरी संपत आली की कर्नल घाणेरडी पानं (डर्टी पेजेस, बदललेली पण अजून डिस्कवर न लिहिलेली) डिस्कवर लिहून जागा करायला जातो, ती डिस्क म्हणजे तूच, आणि तू मेमरीची वाट बघत बसलेला. दोघं एकमेकांकडे बघत राहतात. वर्कक्यूलाही मेम रिक्लेमचा फ्लॅग दे, म्हणजे मेमरीची टंचाई असतानाही ती अडकणार नाही.

प्रश्न: देवळाली कॅम्प. आमच्या पोराने चुकून आयस्कझीडी हा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) मारला, तरी डिस्क दोन दिवस व्यवस्थित चालू आहे. मग तो डीमन लागतो कशाला?

उत्तर: चालू गाडीला स्टार्टर लागत नाही, तेवढंच. डेटाची ने-आण कर्नलमध्ये होते, लॉगिन आणि तुटल्यावर परत जोडणं हे काम डीमनचं. आज वायर हलली तर कर्नल कनेक्शन तुटलं म्हणून ओरडेल आणि ऐकायला कुणी नसेल, १२० सेकंदांचं घड्याळ मात्र चालू होईल आणि पुढचं वर सातपूरवाल्यांना सांगितलंय. आत्ताच चालू करा, तो चालू सेशन शोधून परत ताब्यात घेतो, डिस्क काढावी लागत नाही. हा डीमन स्वतःला मेमरीत कुलूप लावून बसतो, स्वॅपमध्ये (मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) जातच नाही, कारण स्वॅप त्याच डिस्कवर असली तर डिस्क जोडणारा माणूसच त्या डिस्कवर अडकलेला, अशी पंचाईत व्हायची.

प्रश्न: कॉलेज रोडला आमचा व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ आहे, एनव्हीएमई ओव्हर टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेली एनव्हीएमई डिस्क, वापरतो. स्टोरेज अपडेटला पंधरा मिनिटं बंद होतं, सुरू केल्यावर बघतो तर मशीनवरून डिस्कच गायब, स्टेटबिट काही नाही, यादीतच नाही.

उत्तर: कंट्रोलर लॉस टाइमआऊट, डिफॉल्ट ६०० सेकंद. दर १० सेकंदांनी जोडायचा प्रयत्न करतो, साठ वेळा फसला की ड्रायव्हर कंट्रोलरच पुसून टाकतो, म्हणून यादीत नाही. परत कनेक्टची कमांड द्या, येईल. कनेक्ट करतानाच ही मुदत उणे एक दिली तर तो कधीच हार मानत नाही, पण मग स्टोरेज खरंच गेलं तर एडिटिंगचं सॉफ्टवेअर लटकलेलंच राहील, ते चालणार का हे तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते तर अपडेटपुरती तासाभराची मुदत ठेवली असती.

प्रश्न: ताई, आमची पॅथॉलॉजी लॅब आहे, एक सर्व्हर नाशिकरोडला, दुसरा द्वारकेजवळच्या शाखेत, दोघांच्या मधे डीआरबीडी, म्हणजे इकडे लिहिलेलं तिकडे आपोआप. मागे मधली लाईन तुटली तेव्हा घाईत द्वारकेच्या मशीनलाही प्रायमरी (लिहायचा हक्क असलेलं) करून काम चालू ठेवलं. आता लाईन ठीक आहे, पिंग जातो, पण एकीकडे स्टँडअलोन आणि दुसरीकडे डब्ल्यूएफ कनेक्शन असंच दिसतंय. लाईनवाल्याला तीनदा बोलावलं, तो म्हणतो माझं काही नाही.

उत्तर: त्याचं खरंच काही नाही, त्याला आता चहा पाजा. डब्ल्यूएफ म्हणजे वेटिंग फॉर, ते मशीन हात पुढे करून उभं आहे. स्टँडअलोनवालं मशीन जोडू शकत नाही असं नाही, ते जोडायला तयार नाहीये. दोघं पुन्हा भेटले तेव्हा त्यांनी एकमेकांच्या डेटाच्या पिढ्यांचे नंबर ताडून बघितले आणि लक्षात आलं की तुटल्यानंतर दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलं गेलंय. कर्नलच्या लॉगमध्ये बघा, स्प्लिट ब्रेन डिटेक्टेड अशी ओळ सापडेल. आता कुणाचं खरं मानायचं हे ड्रायव्हर ठरवत नाही आणि ठरवूही नये, कारण एका बाजूचे रिपोर्ट पुसले जाणार आहेत. म्हणून तो कनेक्शन टाकून देऊन तुमची वाट बघतोय.

तुम्हाला एक बाजू हरवावी लागेल. बहुतेक द्वारकेची, तिथे काही तासांचंच काम झालंय. पण आधी द्वारकेची डिस्क जशी आहे तशी माउंट करून त्या काळातले रिपोर्ट, डेटाबेसचा डंप, सगळं पेनड्राइव्हवर का होईना काढून घ्या, हे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग तिथे अनमाउंट, डिसकनेक्ट, सेकंडरी, आणि कनेक्ट करताना डिस्कार्ड माय डेटा हा पर्याय. नाशिकरोडचं मशीन स्टँडअलोन असेल तर तिथे नुसतं कनेक्ट. पूर्ण डिस्क परत कॉपी होत नाही, बिटमॅपमध्ये बदललेले ब्लॉक नोंदलेले असतात तेवढेच जातात, त्यामुळे लाईन हळू असली तरी फार वेळ लागू नये. मग काढून ठेवलेले रिपोर्ट हाताने भरायचे, त्याला इलाज नाही.

आणि डिस्कार्डवाली कमांड मारायच्या आधी प्रॉम्प्टवर मशीनचं नाव मोठ्याने वाचा, शेजारी कुणी असेल तर त्यालाही वाचायला लावा. मी एकदा उलट्या मशीनवर मारलेली आहे.